ब्रिजवर आम्ही तिघं होतो

मी जहाजावर होतो असं नागपुरात सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, "कुठलं जहाज गा, सक्करदऱ्याच्या तलावातलं?" पूर्वी मीही त्याच्यासोबत हसायचो. हसण्यात आपलं काय जातं? आता डोकं फिरतं. आता मी सरळ उठून चालायला लागतो आणि मागून "याले काय झालं एकदम?" असं ऐकू येतं. काय झालं ते एकदाचं नीट सांगून टाकतो, म्हणजे पुन्हापुन्हा सांगायची भानगड नको.

सुरुवात काकाजींपासून करावी लागेल. काकाजी म्हणजे नात्यातले काका नव्हेत, वडिलांच्या ओळखीचे. किनाऱ्याकिनाऱ्यानं माल नेणाऱ्या छोट्या जहाजांवर त्यांनी उभं आयुष्य काढलं. खलाशी म्हणून चढले, सारंग, म्हणजे खलाशांचे मुख्य, होऊन उतरले. रिटायर झाल्यावर सक्करदऱ्यात स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी क्लास काढला. जहाजावर जायची इच्छा असलेल्या पण समुद्र कधी न पाहिलेल्या पोट्ट्यांसाठी. सरकारमान्य कोर्स पुढं समुद्रकाठच्या संस्थेतच करावा लागायचा, पण तिथं जाऊन बावळटासारखं उभं राहू नये म्हणून आधी काकाजींच्या हाताखालून जायचं, अशी आमच्या भागातली रीत होती. मी पोलीस भरतीत छातीच्या मापानं दोनदा परत आलो होतो. वडील म्हणाले, जा, पाण्यावर छाती मोजत नाहीत.

वरच्या मजल्यावर एका लोखंडी स्टँडवर भंगारात निघालेल्या कुठल्याशा टगचं, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीचं, चाक बसवलेलं होतं. समोर प्लायवूडवर रंगवलेली तबकडी, तिच्यावर काटा. चाक फिरवलं की सायकलच्या चेनवर काटा फिरायचा. सुकाणू किती अंश वळलं हे तो दाखवायचा. भिंतींवर काकाजींनी स्वतःच्या हातानं काढलेली इंजिनांची चित्रं होती. त्यातली काही चांगलीच वाकडी होती. आणि खिडकीतून खाली सांडग्यांचं वाळवण आणि पलीकडच्या घराची पाण्याची टाकी दिसायची. हा आमचा समुद्र.

तिथंच मला तो भेटला. बेस्याकडून यायचा, त्याच्या मोटारसायकलवर. तेव्हा बेस्यात घरं कमी आणि प्लॉटवर गवत जास्त होतं. बोलायला मस्त, हसायला त्याहून मस्त, आणि पाठ करायला एकदम ढ. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "डावं म्हणजे पोर्ट ना बे?" मी हो म्हटलं आणि आमची दोस्ती झाली. इतकी की त्याच्या आईनं माझ्यासाठी वेगळी ताटली ठेवली होती आणि माझ्या आईला तो माझ्याआधी सांगायचा की आज वरणात मीठ जास्त झालंय.

छोट्या जहाजाची गोष्ट मोठ्या जहाजापेक्षा वेगळी असते. माणसं मोजकी, त्यामुळं सकाळी जो ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या काचेच्या खोलीत, चाक धरतो, तोच दुपारी इंजिनरूममध्ये तेल बघायला उतरतो. म्हणून काकाजी दोन्ही शिकवायचे. पण त्यांचा जीव होता तो चाकावर. अधिकारी म्हणणार "पोर्ट टेन". चाकावरच्यानं तेच शब्द, तसेच्या तसे, मोठ्यानं परत म्हणायचे. मग फिरवायचं. काटा दहावर आला की पुन्हा सांगायचं, "व्हील पोर्ट टेन, सर". मग अधिकारी हो म्हणणार. एका वळणासाठी एवढी बोंबाबोंब कशाला, असं माझ्या दोस्तानं पहिल्याच आठवड्यात विचारलं. काकाजींनी त्याच्या डोक्यात हलकी टपली मारली.

"चूक आपल्या तोंडातून निघते तेव्हा आपल्याले ऐकू येत नाही. दुसऱ्याच्या तोंडातून आली की ऐकू येते. तुम्ही ओरडता ते साहेबाची चूक साहेबाले ऐकवायसाठी."

आणि त्याच्यापुढं आणखी एक नियम होता, तो त्यांचा स्वतःचा. ब्रिजवर तिसरा कोणी असला, काचेतून बाहेर बघणारा, म्हणजे लुकआऊट, तर डोळे बाहेर आणि कान आत. हुकूम काय दिला आणि चाकावरच्यानं काय ऐकलं, हे तिसऱ्यानं ऐकलंच पाहिजे. ते म्हणायचे, दोघांत भांडण लागलं तर तिसऱ्याचे कान हाच काय तो पुरावा.

आम्ही हे सगळं रस्त्यावर करायचो. तो मोटारसायकल चालवायचा, मी मागं बसून हुकूम द्यायचो. मानेवाडा रोडवर मी म्हणायचो "स्टारबोर्ड फाइव्ह", तो भर ट्रॅफिकमध्ये बोंबलायचा "स्टारबोर्ड फाइव्ह, सर" आणि गाडी उजवीकडं घ्यायचा. पानठेल्यावरचे लोक हसायचे. एकदा चौकात ट्रॅफिक पोलिसानं थांबवलं आणि विचारलं, कायले बोंबलून राहिले बे, दारू पिऊन आहे का? आम्ही म्हटलं, साहेब, आम्ही जहाजवाले आहोत. त्यानं तोंडाचा वास घेतला, काही सापडलं नाही, म्हणून हेल्मेटवरून झापलं आणि सोडलं.

इंजिन शिकायला आम्ही नरखेडकडं जायचो. काकाजींच्या सासुरवाडीची तिकडं मोसंबीची बाग होती आणि विहिरीवर जुनं डिझेल इंजिन. एसटीनं उतरून पायी बागेत. काकाजी आम्हाला त्या एका इंजिनावर पूर्ण इंजिनरूमचा रिवाज शिकवायचे. ड्यूटी घ्यायची तर आधीच्या माणसाला काही विचारायचं नाही. आधी स्वतः फेरी मारायची. हात लावून बघायचा, अंग किती तापलंय, पाणी किती येतंय, तेल कुठवर आहे, आवाज कसा आहे. सगळं झाल्यावर मग त्याला विचारायचं, काय सांगतोस. नुसत्या सांगण्यावर विसंबून ड्यूटी घ्यायची नाही. आमची पाठ वळली की ते मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवायचे. पाण्याचा कॉक अर्धा बंद, नाहीतर एखादा बोल्ट सैल. मला बहुतेक सापडायचं. माझा दोस्त फेरी मारायचा, इकडंतिकडं हात लावायचा आणि मग माझ्या तोंडाकडं बघायचा. मी डोळ्यानं दाखवायचो. तो मोठ्या आवाजात सांगायचा, "कॉक अर्धा बंद आहे, काकाजी." काकाजी म्हणायचे शाब्बास, आणि आम्हाला मोसंबी तोडून द्यायचे.

पुढं समुद्रकाठच्या संस्थेतला कोर्स झाला आणि दोघांनाही एकाच कंपनीनं एकाच जहाजावर घेतलं. त्या कंपनीत गेलेले काकाजींच्या क्लासचे पहिले दोन, एकदम. त्यांनी पेढे वाटले. माझ्या आईनं सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, करून त्यांच्या घरी नेली. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा मला रडू आलं आणि माझा दोस्त म्हणाला, "अबे, हा तर संपतच नाही."

जहाज छोटं होतं. गुजरातच्या किनाऱ्यानं सिमेंटचा माल घेऊन खाड्यांमधल्या धक्क्यांवर जायचं. कॅप्टन वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. चाकावर मी असलो की तो माझ्यासाठी चहा मागवायचा. माझ्या हाताला ओढ नाही, जहाज सरळ राहतं, असं त्यानं एकदा चीफ इंजिनियरला सांगितलं होतं, आणि ते मला ऐकू यावं असंच सांगितलं होतं. मला वाटायचं, मी इथंच राहणार. परीक्षा देत जाणार, एक दिवस स्वतः हुकूम देणार. मला दुसरं काही करायचंच नव्हतं.

तो दिवस स्वच्छ होता, ऊन होतं, वारा बेताचा. भरती चढत होती आणि आम्ही खाडीत शिरत होतो. ब्रिजवर आम्ही तिघं होतो. मी चाकावर, माझा दोस्त लुकआऊट म्हणून डाव्या काचेपाशी, आणि कॅप्टन. कॅप्टन फोनवर होता. धक्क्यावरच्या एजंटाशी त्याचं कशावरून तरी वाजलं होतं, माल उतरवणारी माणसं आली नव्हती बहुतेक. खाडी तिथं उजवीकडं वळते. आम्ही त्या वळणावर आलो आणि कॅप्टननं फोन कानाला तसाच ठेवून हुकूम दिला.

"पोर्ट टेन."

डावीकडं. मला कळलं की हे उलटं आहे. दोन वेळा त्या खाडीत शिरलो होतो मी, वळण मला माहीत होतं. म्हणून मी जे शिकलो होतो तेच केलं. जितकं मोठ्यानं ओरडता येईल तितक्या मोठ्यानं ओरडलो, "पोर्ट टेन, सर?" प्रश्न विचारल्यासारखं. कॅप्टननं माझ्याकडं बघितलं नाही, हातानं खूण केली, चल, कर. मी फिरवलं. काटा दहावर आला. पुन्हा ओरडलो, "व्हील पोर्ट टेन, सर." त्यानं मान हलवली आणि फोनवर बोलत राहिला. माझा दोस्त माझ्यापासून दोन हातांवर होता. तो वळला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे मोठे झाले होते. मी भुवया उडवल्या, म्हणजे काय करू? त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

जहाज लगेच वळत नाही, वळायला लागलं की लगेच थांबतही नाही. कॅप्टननं मान वर केली तेव्हा डावा चिखलाचा काठ समोर होता. मग आरडाओरडा, मिडशिप, म्हणजे चाक मधे, मग हार्ड स्टारबोर्ड, इंजिन मागं. चिखलात तर बसलोच, पण त्याआधी तिथल्या एका जुन्या खांबाला नाकाड घासलं आणि पत्रा आत गेला. कोणाला लागलं नाही. पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत आम्ही तिथंच बसलो, काठावरची पोरं आमच्याकडं बोट दाखवून हसत होती.

मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, अजिबात वाटली नाही. मोठ्या जहाजांवर ब्रिजवरचं बोलणं टिपून ठेवणारं यंत्र असतं, आमच्या जहाजावर ते नव्हतं. पण माझ्याकडं माझा दोस्त होता. मी दोनदा ओरडलो होतो, आणि इंजिनरूममधल्या माणसालाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

धक्क्याला लागल्यावर कंपनीचा माणूस चौकशीला आला. जेवायच्या खोलीत टेबलाशी आम्हाला बसवलं. कॅप्टन म्हणाला, मी स्टारबोर्ड टेन दिलं, पोरानं पोर्ट फिरवलं. इतक्या शांतपणे म्हणाला की मलाच क्षणभर वाटलं, असेल. मग मी सांगितलं, जे झालं ते. मग त्या माणसानं माझ्या दोस्ताला विचारलं. तो टेबलावरच्या मिठाच्या डबीकडं बघत म्हणाला की तो बाहेरची एक होडी बघत होता, आत काय बोलणं झालं ते त्याला नीट ऐकू आलं नाही.

मी हसलो. शपथ सांगतो, मला वाटलं तो गोंधळलाय, आता दुरुस्त करेल, जसं बागेत माझ्या तोंडाकडं बघून दुरुस्त करायचा. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं मिठाच्या डबीचं झाकण लावलं.

मला त्याच बंदरात उतरवलं. कंपनीचा माणूस निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, हे बघ, दोघं एक बोलले असते तर गोष्ट वेगळी होती. तुझ्या जोडीदाराचं बोलणं बदललं तर ये, फाईल पुन्हा उघडू. एवढंच माझ्या हातात राहिलं. त्यानं एकदा म्हणावं, ऐकलं होतं, बस. मी बॅग घेऊन उतरलो तेव्हा तो खाली इंजिनरूममध्ये ड्यूटीवर होता. वर आला नाही. माझी पाठ वळल्यावर त्यानं कोणाच्या तोंडाकडं बघून इंजिनची फेरी मारली असेल, देव जाणे.

घरी आल्यावर दुसऱ्या कंपन्यांकडं गेलो. सगळीकडं तोच प्रश्न, मागचं जहाज काहून सोडलं? खरं सांगितलं तर विश्वास नाही, खोटं सांगायला जमलं नाही. त्याला फोन केले. उचलला नाही. मेसेज टाकले, दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. मग एक दिवस त्यानं मला ब्लॉकच केलं. ज्याच्या आईनं माझी ताटली वेगळी ठेवली होती, त्यानं. रागानं मला अन्न गोड लागेना. आई म्हणायची, जेव रे बाबा, त्याच्यासाठी उपाशी काहून राहतोस? पण राग म्हणजे तरी काय, निम्मा राग आणि निम्मी हसं झाल्याची लाज. गल्लीत सगळ्यांना माहीत, पोट्ट्यानं जहाज चिखलात घातलं.

त्या काळात काकाजींनी मला हात दिला. स्वतः घरी आले, वडिलांसमोर बसले आणि म्हणाले, हा माझ्याकडं येईल, चाक शिकवेल, तोपर्यंत मी बघतो. मी त्यांच्या पाया पडलो. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. दर सणाला काकाजींच्या घरी डबा जाऊ लागला, कधी सांबारवडी, कधी पुरणपोळी. आणि मी जेव्हा जेव्हा म्हणायचो, काकाजी, तुम्ही त्याच्याशी एकदा बोला, तुमचं तो ऐकेल, तेव्हा ते म्हणायचे, "मी बोलतो. तू नको बोलू, तापलेलं आहे. थंड होऊ दे." दोन वर्षं थंड होऊ दिलं मी. दोन वर्षं त्या भंगारातल्या चाकापाशी उभा राहून नव्या पोट्ट्यांना शिकवलं, मोठ्यानं बोला, अजून मोठ्यानं, साहेबाला ऐकू गेलं पाहिजे.

मग यंदा आमची आख्खी बॅच एका कंपनीनं घ्यायचं ठरवलं. त्याच कंपनीनं. काकाजींचे पाय जमिनीवर नव्हते. निरोपाचा कार्यक्रम ठरला, कंपनीचा माणूस येणार, आणि प्रमुख पाहुणा म्हणून क्लासचं नाव काढलेला विद्यार्थी येणार. माझा दोस्त. तोवर तो बरीच पुढची परीक्षा देऊन बसला होता. काकाजींनी मला सांगितलं की स्टेजवर तू त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसजो, बरं दिसेल.

ते चाकाच्या चेनला तेल घालत होते. दुपारची वेळ, पोट्टे जेवायला गेले होते. मी म्हटलं, बसेन, पण एका अटीवर. कंपनीचा माणूस समोर आहे तर त्यानं तिथंच सांगावं की ऐकलं होतं. नाहीतर मी स्टेजवर जाणार नाही आणि क्लासलाही येणार नाही. माझा आवाज चढला होता. काकाजींनी तेलाची कुपी खाली ठेवली. त्यांनाही राग आला, आणि रागाच्या भरातच ते बोलून गेले.

"त्याच्यावर काहून भडकून राहिला तू? त्यानं चौकशीच्या आधी मले फोन केला होता. रडत होता, काकाजी काय सांगू म्हणून. मीच म्हटलं, ऐकू आलं नाही म्हणून सांगजो."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. विचारलं, तुम्ही म्हटलं? ते म्हणाले, मग काय म्हणू? दोन नवे पोट्टे कॅप्टनच्या विरोधात उभे राहिले असते तर कंपनीनं दोघांनाही घरी पाठवलं असतं, आणि पुन्हा या क्लासचा एकही पोट्टा घेतला नसता. एक तर राहिला. त्याच्या मागं आज पंधरा चालले.

"एक म्हणजे तोच काहून?" मी विचारलं.

काकाजींनी हाताला लागलेलं तेल फडक्याला पुसलं. म्हणाले, "तू कुठंही खपशील. तुले हात आहे. तो बागेत तुझ्या तोंडाकडं पाहून सांगत होता, मले काय दिसत नव्हतं? त्याले तिथून काढला असता तर तो कुठलाच राहिला नसता."

म्हणजे मला काम येत होतं म्हणून मला बुडवलं. त्याला येत नव्हतं म्हणून त्याला ठेवला. आणि मी दोन वर्षं या माणसाच्या पाया पडत होतो, माझी आई त्याला पुरणपोळ्या खाऊ घालत होती. दोस्तानं फसवलं ते मी कसंतरी पचवायला बघत होतो, घाबरला असेल, पोरगा आहे, म्हणून. पण यांनी? ज्यांनी मला शिकवलं की तिसऱ्याचे कान हाच पुरावा, त्यांनीच ते कान बंद करवले, आणि वर मला समोर ठेवून तेच शिकवायला लावलं. मी क्लासमध्ये होतो म्हणून मी कुठं तक्रार करत फिरलो नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं. जिना उतरलो आणि सरळ घरी आलो.

आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "त्यांच्याकडं आपले तीन डबे आहेत. घेऊन ये." मी हसायला लागलो, मग ती पण, आणि मग तिनं पदर डोळ्याला लावला.

कार्यक्रमाला जायचं नाही हे पक्कं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. तोच. दोन वर्षांनी त्याचा आवाज. तो म्हणाला, नागपुरात आलोय, काकाजींनी सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "मी ऐकलं होतं बे. दोन्ही वेळा. उद्या सगळ्यांसमोर सांगतो, त्या कंपनीवाल्यासमोर. तू ये फक्त."

मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, आईची शपथ. फोन ठेवल्यावर मी शर्टाला इस्त्री केली. खोटं कशाला सांगू, रात्री मला झोप लागली, चांगली लागली. मला तेव्हाच समोर खाडी दिसायला लागली होती. वडिलांना म्हटलं, पुन्हा बॅग काढावी लागेल बहुतेक. त्यांनी माळ्यावरून ती उतरवून ठेवली.

क्लासच्या हॉलमध्ये पोट्टे पांढरे शर्ट घालून ओळीत बसले होते. कंपनीचा माणूस पुढच्या खुर्चीवर, तोच, त्यानं मला ओळखलं आणि मान डोलावली. मी स्टेजवर जाऊन दोस्ताच्या बाजूच्या खुर्चीत बसलो. माझ्या दुसऱ्या बाजूला काकाजी बसले होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. माझा दोस्त आता चांगला भरला होता, अंगावर युनिफॉर्म, खांद्यावर पट्टी. तो माईकपाशी गेला. आधी मोटारसायकलची गोष्ट सांगितली, ट्रॅफिक पोलिसाची, पोट्टे पोट धरधरून हसले. मग मोसंबीच्या बागेची. मग म्हणाला की चाकावर उभं राहाल तेव्हा मोठ्यानं बोला, लाजू नका. मग तो थांबला आणि माझ्याकडं वळला.

"आज मी जो काही आहे," तो म्हणाला, "तो याच्यामुळे आहे."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. मला वाटलं, आता. त्यानं माईक खाली ठेवला. चालत माझ्याकडं आला आणि सगळ्यांसमोर खाली वाकून माझे पाय धरले. आम्ही एका वयाचे. एक पोट्टा टाळ्या वाजवायला लागला, मग सगळे. कंपनीचा माणूसही वाजवत होता, हसत, काय दोस्ती आहे म्हणून. त्या आवाजात, माझ्या गुडघ्याशी डोकं ठेवून, तो हळूच म्हणाला, "जाऊ दे ना बे."

मी पाय मागं घेतले. त्याचा तोल गेला, तो पुढं कलंडला, आणि काकाजींनी खुर्चीतून झटकन उठून त्याला धरलं.